पारदर्शक टीपॉय: जुनं अ‍ॅक्रिलिक घ्यावं की काच?

न्यू जर्सीत इस्टेट सेलला (घरातलं जुनं सामान विकायला काढतात, त्या सेलला) गेलेल्या मैत्रिणीने फोटो पाठवला. सत्तरच्या दशकातला ल्युसाइटचा टीपॉय. "घेऊ का, की सरळ काचेचा आणू?"

ल्युसाइट म्हणजे अ‍ॅक्रिलिकच, काचेसारखं पारदर्शक प्लास्टिक. ल्युसाइट हे ड्यू पाँट कंपनीने दिलेलं नाव. प्लेक्सिग्लास आणि पर्स्पेक्स ही त्याचीच भावंडं, दुसऱ्या कंपन्यांची. दुसऱ्या महायुद्धात विमानांची पारदर्शक छत्रं याचीच केली, आणि युद्ध संपल्यावर ते दिवाणखान्यात शिरलं. पुढे लॉस एंजेलिसच्या डिझायनर चार्ल्स हॉलिस जोन्सने त्याचं फर्निचर नावारूपाला आणलं. त्याचा अस्सल टीपॉय असेल तर हा हिशेबच वेगळा, तेव्हा आपण बिननावाच्या टीपॉयचं बोलू.

आधी वजन. १२० बाय ६० सेंटिमीटरची, १२ मिलिमीटर जाडीची काच साधारण २१ किलो भरते. तेवढंच अ‍ॅक्रिलिक १० किलो. लिफ्ट नसलेल्या घरात हे आधी विचारात घ्या. काचेची कड हिरवट दिसते, चांगल्या अ‍ॅक्रिलिकची पाण्यासारखी नितळ. दिसायला मला अ‍ॅक्रिलिकच आवडतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

पण रोजच्या वापरात काच दणकट. ती टफन्ड (उष्णतेने कडक केलेली) असेल तर तिच्यावर चहाचं गरम पातेलं ठेवता येतं, तर अ‍ॅक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं. समई-निरांजनही त्यावर नको, कारण ते पेटतं. शिवाय ते धूळ ओढतं, आणि कोरड्या फडक्याने पुसलं की ओरखडे उठतात. जुन्या सुती साडीचा ओला तुकडा आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, एवढं पुरतं. काच पुसायचा अमोनियावाला फवारा आणि सॅनिटायझर मात्र लांबच.

ओरखड्यांना घाबरू नका. ओल्या बारीक पॉलिशपेपरने घासून पॉलिश केलं की ते बऱ्यापैकी जातात; काचेवरचा खोल ओरखडा घरी जात नाही. घाबरायचं ते आतल्या केसासारख्या बारीक भेगांना. त्या पॉलिशने जात नाहीत. टीपॉय उजेडात तिरपा धरून सांधे बघा, आणि पांढरा कागद लावून कड पिवळी पडली आहे का तेही.

मधला मार्ग त्या काळातच निघाला होता: पाय अ‍ॅक्रिलिकचे, वर काच. मिळाला तर मी हाच घेईन.

खुर्च्या हव्या असतील तर जुन्याच्या मागे लागू नका. फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्कची २००२ची 'लुई घोस्ट' ही खुर्ची पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या पारदर्शक प्लास्टिकची आहे. अ‍ॅक्रिलिकपेक्षा खूपच चिवट, एकावर एक रचताही येते. फक्त तिच्यावरचे ओरखडे तितक्या सहज निघत नाहीत.

मैत्रिणीकडून मी कडेचा फोटो मागवला. पायाच्या सांध्यापाशी जाळीसारख्या भेगा होत्या. "राहू दे," म्हटलं. तिने त्याच सेलमधून एक लहानसा अ‍ॅक्रिलिकचा मासिकांचा स्टँड उचलला.