आत 'स्ट्रॅडिव्हेरियस १७२१', खाली 'जर्मनी': जुनं व्हायोलिन बरेच महिने वाजवल्यानंतर

माझ्या व्हायोलिनच्या एफ-होलमधून, म्हणजे वरच्या फळीतल्या एफ अक्षराच्या आकाराच्या भोकातून, टॉर्च मारला की आतली चिठ्ठी दिसते: अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस, क्रेमोना, १७२१. तिच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत 'जर्मनी'. विश्वास ठेवायचा तो या खालच्या शब्दावर. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे १८९१ पासून तिथे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत लिहावं लागे, म्हणजे वाद्य बहुधा त्यानंतरचं. वरच्या ओळीचा अर्थ 'इटलीतल्या क्रेमोनाचा नामवंत व्हायोलिन-कारागीर स्ट्रॅडिव्हरी याच्या नमुन्यावर बेतलेलं' इतकाच. तशी चिठ्ठी असलेली व्हायोलिन अमाप निघाली. खुद्द स्ट्रॅडिव्हरीची सगळी मिळून साधारण ६५० वाद्यं उरलीत. तरीही आजोबांच्या पेटीत 'खरं स्ट्रॅड' सापडल्याच्या गोष्टी थांबत नाहीत.

हे सगळं ठाऊक असूनच मी ते घेतलं. शिवण, म्हणजे फळी आणि बाजूची पट्टी यांचा सरसाने चिकटवलेला जोड, उकलली म्हणून कारागिराकडे नेलं, तेव्हा त्याने आत छोटा आरसा घालून दाखवलं: कोपऱ्यांत ठोकळेच नाहीत. क्रेमोनाचे कारागीर आतल्या साच्याभोवती बाजूच्या पट्ट्या वळवून कोपऱ्यांत ठोकळे बसवत. जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात पट्ट्या थेट पाठीच्या फळीवर उभ्या करायची रीत होती. तिथलं मार्कनॉयकिर्शेन आणि सीमेपलीकडचं बोहेमियातलं शोनबाख इथे काम घराघरांत वाटलेलं असे. एका घरात नुसते स्क्रोल, म्हणजे मानेच्या टोकाची वळणदार नक्षी, कोरायचे, दुसऱ्यात पोटाच्या म्हणजे वरच्या फळ्या, जोडणी आणि वॉर्निश आणखी कुठे. या गावांतून इतका माल जाई की अमेरिकेने मार्कनॉयकिर्शेनला स्वतःची वाणिज्य वकिलात उघडली होती. माझ्या व्हायोलिनला म्हणूनच एक असा कर्ता नाही. मला त्यात काही कमी वाटत नाही. स्क्रोल ज्याने कोरला त्याचा हात पक्का होता.

आता आवाज. जीची, म्हणजे सर्वांत खालच्या सुराची, तार पहिल्या दिवसापासून आवडली, खोल आणि किंचित खरखरीत. ईची, सर्वांत वरच्या सुराची, तार कानात टोचायची. साउंडपोस्ट, म्हणजे आत पोट आणि पाठ यांच्यामध्ये उभी असलेली काडी, जरासा सरकवला, घोडी नवी कोरून घेतली, ईला वेगळी तार लावली, आणि वाद्य ओळखू येईना. शंभर वर्षांच्या लाकडाने जे दिलं नव्हतं ते एका दुपारच्या कामाने दिलं. जीवर वरच्या जागी एक सूर अजून गुरगुरतो. हवा कोरडी झाली की कोपऱ्यापाशी शिवण सुटते आणि तारा झणझणतात; ठोकळे नसल्याने तिथे सरसाला धरायला जागाच कमी. शिवण उकलणं हा बिघाड नव्हे. सरस मुद्दाम हलका लावतात, फळी तडकण्याआधी जोड सुटावा म्हणून. पण इतक्यांदा सुटावा असंही नाही.

'जुनं लाकूड पिकतं, आवाज गोड होतो' हे ऐकून ऐकून मी कंटाळले आहे. २०१० मध्ये इंडियानापोलिसला २१ वादकांना गडद चष्मे लावून सहा व्हायोलिन वाजवायला दिली, तीन जुनी इटालियन, तीन नवी. सर्वाधिक पसंती एका नव्याला आणि सर्वांत कमी एका स्ट्रॅडला. शिवाय आज वाजणाऱ्या बहुतेक स्ट्रॅडची मान पुढे बदललेली आहे, पोटाला आतून चिकटवलेली आधारपट्टी, म्हणजे बेस बारही. तीनशे वर्षांपूर्वीचा म्हणून जो आवाज आपण ऐकतो, तो निम्मा एकोणिसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांचा.

वय मोजायचंच असेल तर पोटाच्या स्प्रूस लाकडावरची झाडाच्या वाढीची वार्षिक वलयं मोजतात. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातल्या 'मसाया' या १७१६ च्या स्ट्रॅडवर वाद झाला, तेव्हा त्याचं सर्वांत अलीकडचं वलय १६८० च्या दशकातलं निघालं. त्यावरून झाड कधीच्या आधी तोडलेलं नाही, एवढंच कळतं. वाद्य कधी घडलं आणि कुणी घडवलं, हे कामाच्या ढबीवरूनच ठरवावं लागतं. माझ्या व्हायोलिनसारख्या घाऊक बनलेल्या वाद्याची वलयं मोजून घेण्यात अर्थ नाही.

घ्यायचं असेल तर चिठ्ठी सर्वांत शेवटी वाचा. आधी मान सरळ आहे का, साउंडपोस्टच्या जागी पोटाला किंवा पाठीला चीर आहे का, खुंट्या घसरतात का, ते बघा; पाठीला तिथे चीर असेल तर वाद्य घेऊच नये. नव्याने शिकणाऱ्याला मी असलं वाद्य सुचवणार नाही. त्याने नवं, नीट जुळवलेलं घ्यावं आणि रोज वाजवावं. ज्याला कारागीर जवळ आहे आणि थोडा धीर आहे, त्याने मात्र या निनावी सॅक्सन व्हायोलिनांकडे जरूर वळावं.