‘डिकोडर जळला आहे’ : एका दुरुस्तीतील फसवणूक

माझ्या 1:87 प्रमाणातील, म्हणजे एचओ मापाच्या मॉडेल रेल्वेच्या डिझेल इंजिनात एकच दोष होता : रुळांच्या सांध्यांवरून संथपणे जाताना ते अडखळत असे, दिवे लुकलुकत आणि ध्वनी पुन्हा इंजिन सुरू होण्याच्या आवाजापासून वाजू लागे. ज्याच्याकडे मी ते दुरुस्तीस पाठवले, त्याने डिकोडर, म्हणजे रुळांतून येणारे डिजिटल आदेश वाचून मोटर, दिवे व आवाज चालवणारी इंजिनातील छोटी सर्किट-पट्टी, जळल्याचे कळवले आणि त्याच कंपनीच्या नव्या ध्वनी-डिकोडरची पूर्ण किंमत आगाऊ घेतली.

हे निदान लक्षणांशी जुळत नव्हते. पुन्हा पहिल्यापासून आवाज देणारा डिकोडर जळलेला नसतो. त्याचा वीजपुरवठा क्षणभर खंडित होऊन परत आलेला असतो. अशा वेळी चाकांवरील मळ, चाकांना टेकणाऱ्या पत्र्या आणि बोगीपासून (इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीपासून) निघणाऱ्या वायरी आधी तपासाव्या लागतात. खरोखर जळलेल्या डिकोडरवर बहुधा करपल्याचा डाग किंवा वास असतो आणि त्यामागे काहीतरी कारणही असते : मोटर जाम होणे, किंवा मोटरच्या नारिंगी व करड्या वायरींपैकी एखादी सांगाड्याला टेकणे. कारण न शोधता नवा डिकोडर बसवला, तर तोही जळेल. त्यामुळे तो कशामुळे जळला, या माझ्या प्रश्नाला ‘असे होतच असते’ एवढेच उत्तर आले, तेव्हाच मला शंका आली.

इंजिन परत आले तेव्हा भोंगा वेगळा होता. नवी ध्वनिफीत भरली आहे, असे सांगण्यात आले. मी इंजिन प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर, म्हणजे डिकोडरमधील मूल्ये वाचण्या-लिहिण्यासाठीच्या वेगळ्या रुळावर, ठेवून सीव्ही 8 वाचला. सीव्ही म्हणजे डिकोडरच्या स्मृतीतील क्रमांक दिलेली नोंद. या सीव्हीमध्ये डिकोडर बनवणाऱ्या कंपनीला नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने दिलेला क्रमांक असतो. उदाहरणार्थ लेन्झचा 99, झिमोचा 145, ईएसयूचा 151. बिलावर जिचे नाव होते त्या कंपनीचा क्रमांक तेथे नव्हता. वरचे आवरण काढून पाहिले, तर पाठवण्यापूर्वी काढलेल्या छायाचित्रातील डिकोडरच्या जागी वेगळ्या आकाराचा, स्वस्त डिकोडर बसवलेला होता.

यावर ‘वाचनात चूक झाली असेल’ असा खुलासा आला. वाचन कधीकधी फसते, हे खरे आहे, कारण डिकोडर मोटरला सूक्ष्म धक्का देऊन उत्तर देतो आणि संपर्क खराब असल्यास ते उत्तर पोहोचतच नाही. पण येथे पुन्हापुन्हा तोच आकडा येत होता आणि सीव्ही 1 मधला 3 हा कारखान्यातून येणारा पत्ताही (ज्या क्रमांकाने इंजिनाला आदेश दिले जातात तो) व्यवस्थित वाचला जात होता. मग असे सांगण्यात आले की रीसेट करताना सीव्ही 8 बदलला. अनेक डिकोडरांमध्ये सीव्ही 8 मध्ये 8 लिहिल्यास मूळ मूल्ये परत येतात, परंतु उत्पादकाचा क्रमांक त्याने पुसला जात नाही. जुना डिकोडर मागितला, तेव्हा तो फेकून दिल्याचे उत्तर मिळाले. चालू स्थितीतील महागडा भाग कोणी फेकून देईल, यावर माझा विश्वास नाही.

मूळ बिघाड मात्र तसाच होता. डिकोडर काढून आठ पिनांच्या सॉकेटमध्ये डमी प्लग (डिकोडरऐवजी वायरी थेट जोडणारा प्लग) लावला आणि इंजिन साध्या डीसी पुरवठ्यावर चालवले, तरी ते त्याच सांध्यांवर अडखळले. म्हणजे दोषाचा डिकोडरशी संबंधच नव्हता. मल्टिमीटरने प्रत्येक चाकापासून सॉकेटमधील लाल व काळ्या वायरींच्या पिनांपर्यंत जोडणी तपासली, तेव्हा एका बोगीच्या लाल वायरीचा टाका सुटलेला आढळला. तो डाग देऊन जोडल्यावर अडखळणे थांबले.

डमी प्लगची ही चाचणी इंजिन पाठवण्यापूर्वी घरीच करता येते. त्याबरोबर सीव्ही 7 (डिकोडरची आवृत्ती) व सीव्ही 8 चे आकडे टिपून ठेवावेत, आवरण काढून डिकोडरची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत आणि काढलेला प्रत्येक भाग परत मिळेल, हे लेखी कबूल करून घ्यावे. माझ्याकडे शेवटची अट लेखी नव्हती, आणि परताव्याची मागणी नाकारताना त्याने नेमके तेच कारण पुढे केले आहे.