लायकेन स्क्लेरोसस: खाज थांबली, आता मलम चालू ठेवायचं की सोडायचं?

योनीच्या बाहेरची त्वचा पांढरट पडते, खाजते, तिला चिरा पडतात, तो आजार म्हणजे लायकेन स्क्लेरोसस. तो गुप्तरोग नव्हे, कोडही नव्हे, आणि अस्वच्छतेशी त्याचा काही संबंध नाही. हे एवढं नवऱ्याला आणि सासूबाईंना सांगून झालं की पुढच्या गोष्टी सोप्या जातात. पाळी गेल्यानंतरच्या वयात हा आजार जास्त दिसतो, लहान मुलींमध्येही दिसतो. कायमचा जात नाही, पण आटोक्यात राहतो. मी तो सांभाळत जगते आहे, आणि हे लिहिते आहे ते निदान होऊन ट्यूब हातात पडलेल्या बाईसाठी.

पहिल्या तीन महिन्यांत निवडायला फारसं काही नसतं. क्लोबेटासोल ०.०५ टक्के हे स्टेरॉइड मलम महिनाभर रोज रात्री, पुढचा महिना दिवसाआड, तिसऱ्या महिन्यात आठवड्यातून दोनदा. ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात हा क्रम आहे. तुमच्या डॉक्टरांनी थोडा वेगळा दिला असेल तर त्यांचा पाळा. पेच पडतो तो चौथ्या महिन्यात. खाज गेलेली असते, रात्रीची झोप परत आलेली असते, आणि मनात येतं की आता कशाला उगाच स्टेरॉइड?

नेमाने की लागेल तेव्हा

एक वाट अशी: खाज सुटली, चीर पडली की चार दिवस मलम लावायचं, मग बंद. औषध कमी लागतं, लक्षात ठेवायची कटकट नाही, आणि काहीजणींना खरंच महिनोन्‌महिने काही होत नाही. दुसरी वाट: त्रास असो वा नसो, डॉक्टरांनी ठरवून दिलेले वार पाळायचे, समजा सोमवार आणि गुरुवार.

पहिल्या वाटेची अडचण अशी की खाज आणि आजार नेहमी बरोबर चालत नाहीत. खाज नसतानाही आतल्या बाजूचे नाजूक ओठ आक्रसत जाऊ शकतात, शिश्निकेवर (क्लिटोरिसवर) त्वचेचं आवरण चिकटू शकतं, योनीचं तोंड अरुंद होऊ शकतं. आणि एकदा व्रण होऊन बुजलेला भाग मलमाने परत उघडत नाही. ऑस्ट्रेलियात ५०७ बायकांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. सांगितल्याप्रमाणे मलम लावणाऱ्या ३५७ जणींपैकी एकीलाही कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था झाली नाही. अधूनमधून लावणाऱ्या १५० पैकी ७ जणींना यातलं एक झालं. त्वचा चिकटणं आणि व्रण पडणं पहिल्या गटात ३.४ टक्के, दुसऱ्यात ४० टक्के. या बायका चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटल्या नव्हत्या, कोण नेम पाळतं हे ज्याचं त्याने ठरवलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय मलमालाच देता येत नाही. पण फरक एवढा मोठा आहे की माझ्यापुरता प्रश्न मिटला: ठरलेले वार.

मग इतक्या जणी मध्येच का सोडतात? खोक्यातली घडी केलेली चिठ्ठी उघडून वाचा. दोन आठवड्यांपेक्षा जास्त वापरू नका, जांघेत लावू नका, असं त्यात साधारण असतं. मेडिकलवाला तेच ऐकवतो. घाबरायला होणारच. त्याच प्रकारच्या माहितीपत्रकात आठवड्याला ५० ग्रॅमची कमाल मर्यादाही दिलेली असते, कारण तो इशारा सोरायसिससारख्या आजारात अंगभर लावणाऱ्यांसाठीही आहे. आपल्याला एका वेळी लागतं अर्धा ग्रॅम: तर्जनीच्या शेवटच्या पेरावर टोकापासून घडीपर्यंत काढलेली रेघ. त्या हिशोबाने ३० ग्रॅमची एक ट्यूब पहिले तीन महिने पुरून उरते. पुढे वर्षाला ३० ते ६० ग्रॅम पुष्कळ झालं. त्याहून बरीच जास्त लागत असेल तर डॉक्टरांना सांगा. एकतर जास्त लावलं जातंय किंवा दुखणं दुसरंच आहे.

जागा चुकणं मात्र सर्रास घडतं. पहिल्या काही वेळा छोटा आरसा खाली धरून, उजेडात लावा. पांढरट भाग, आतल्या ओठांच्या घड्या, शिश्निकेभोवती, आणि गुदद्वाराकडे पांढरेपणा गेला असेल तर तिथेही. मांडीला फासायचं नाही; निरोगी त्वचा स्टेरॉइडने पातळ होते ती तिथे. पांढरा रंग पूर्ण जाईलच असं नाही. त्वचा मऊ आणि लवचीक झाली का, हे बोटाला कळतं, आणि पाहायचं तेच.

मलम की क्रीम

नाव एकच, ०.०५ टक्केही तेच, पण ट्यूबवर ‘ऑइंटमेंट’ लिहिलंय की ‘क्रीम’ हे पाहून घ्या. क्रीममध्ये पाणी असतं, म्हणून ते टिकवणारी रसायनं घालावी लागतात, आणि चिरा पडलेल्या जागी तीच झोंबतात. मलम चिकट, कपड्याला डाग पाडणारं, पण झोंबत नाही आणि जास्त वेळ टिकतं. इथे क्रीमचा एकच गुण, चिकटत नाही, आणि तेवढ्यासाठी ते घेऊ नये.

त्याहून वाईट म्हणजे स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र घातलेल्या ट्यूबा. ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटलं की काउंटरवरून हमखास हीच सरकवली जाते. बरं वाटतं ते त्यातल्या स्टेरॉइडमुळे, बाकीची औषधं फुकटच लावली जातात.

टॅक्रोलिमस मलम स्टेरॉइड नाही, त्यामुळे मोहात पाडतं. पण सुरुवातीचे दिवस आग होते आणि थेट तुलनेत क्लोबेटासोल सरस ठरलं आहे. क्लोबेटासोल चालत नसेल तेव्हाची ती निवड. मोमेटासोन हा मात्र धरण्यासारखा पर्याय आहे. तेही स्टेरॉइडच, जरा सौम्य. इस्ट्रोजेन क्रीम वेगळ्या कामाचं: पाळी गेल्यावरच्या योनीच्या कोरडेपणाला ते उपयोगी, लायकेन स्क्लेरोससला नाही. काहीजणींना दोन्ही लागतात, तेव्हा एकाच्या जागी दुसरं वापरू नका.

व्हॅसलीन, खोबरेल की शतधौत घृत

तिन्ही चालतात, पण मलमाच्या जोडीला. बदली म्हणून एकही नाही. साधं, बिनवासाचं पेट्रोलियम जेली सगळ्यात जास्त टिकतं. लघवी करायला जाण्याआधी पातळ थर लावला की चिरांवर लघवी झोंबत नाही. लघवी थेंब थेंब गळत असेल तर हा थर जवळजवळ सक्तीचाच, कारण सतत ओली राहणारी त्वचा चिघळते. खोबरेल हलकं, लवकर जिरतं, कोकणातल्या दमटपणात बरं वाटतं, मात्र सुगंधी केशतेल नको. शतधौत घृत, म्हणजे पाण्याने शंभर वेळा धुतलेलं तूप, मऊ आणि थंड लागतं. पण त्यात कापूर, हळद, सुगंध काही मिसळलेलं नाही ना हे पाहा. संबंधाच्या वेळी खोबरेल किंवा व्हॅसलीन वापरलं तर लेटेक्सचा निरोध फाटू शकतो, तिथे पाण्याचं किंवा सिलिकोनचं वंगण घ्या. रात्री क्लोबेटासोल लावायचं असेल तर ते आणि व्हॅसलीन, खोबरेल किंवा तूप यांत अर्ध्या तासाचं अंतर ठेवा.

धुण्याबद्दल थोडक्यात. साबण, डेटॉल, ‘इंटिमेट वॉश’, ओले वाइप्स, तुरटी किंवा कडुलिंबाचं पाणी: सगळं बंद. कोमट पाणी पुरतं, आणि टिपून घ्यायचं, घासायचं नाही. जेट स्प्रेचा दाब कमी ठेवा. सुती, सैल चड्डी. लेगिंगपेक्षा सलवार बरी. रात्री काहीच नसलं तरी उत्तम. रोज लायनर लावून बसण्यापेक्षा चड्डी बदलणं बरं. ओरखडणं आणि घासणं यानेही हा आजार त्या जागी वाढू शकतो, म्हणून नखं कापलेली हवीत आणि रात्री खाज उसळली तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ.

या आजारावर लेझर उपचाराची जाहिरातही नजरेस आली असेल. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत खऱ्या आणि खोट्या लेझरची तुलना झाली, तेव्हा एकट्या लेझरने ठळक फायदा दिसला नाही. ते पैसे ठेवा, तपासणीला लागतील: आधी तीन-सहा महिन्यांनी, मग वर्षाला एकदा.

नेम पाळूनही खाज परत आली तर मलम वाढवण्याआधी बुरशीची तपासणी करून घ्या. स्टेरॉइडखाली ती होऊ शकते, आणि तेव्हा लाली, दह्यासारखा स्राव दिसतो. गाठ, न भरणारी जखम, किंवा बोटाला जाड-कडक लागणारा ठिपका आढळला तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. त्याचा तुकडा काढून तपासावा लागतो.