जन्मतः मोठं बोट: ठेवायचं की काढायचं?

बाळाच्या मोठ्या बोटाला डॉक्टरांनी मॅक्रोडॅक्टिली (हाताचं किंवा पायाचं एखादं बोट प्रमाणाबाहेर मोठं असणं) म्हटलं की आज ना उद्या आई-वडिलांसमोर दोन वाटा येतात. बोट ठेवायचं आणि टप्प्याटप्प्याने ऑपरेशनं करून आवाक्यात आणायचं, किंवा ते मुळापासून काढायचं. काढायचं म्हटलं की पोटात गोळा येतो, त्यामुळे ती वाट धड ऐकूनही घेतली जात नाही. मला वाटतं, ती ऐकावी. बोट कसं दिसतं यापेक्षा त्याच्यामुळे अख्खा हात किंवा पाय कसा चालतो, हे आधी बघावं.

त्याआधी एक गोष्ट. गरोदरपणी ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं, असं आईला सुनावणारे अजूनही भेटतात. ते साफ खोटं आहे. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या जनुकात, बहुतेक वेळा पीआयके३सीए नावाच्या, बदल होतो आणि त्या पेशीपासून घडलेलं हाड, चरबी, मज्जातंतू सगळंच जास्त वाढतं. हा बदल वारशाने आलेला नसतो. आईच्या माथी काहीही मारू नका.

काही मुलांचं बोट जन्मतः मोठं असतं, पण पुढे इतर बोटांच्याच बेताने वाढतं. काहींचं मात्र झपाट्याने वाढत जातं, बऱ्याचदा एका बाजूला वाकतंही, आणि हे वयात येईपर्यंत चालतं. आपलं मूल यातलं कुठलं, हे घरीही ताडता येतं. दर काही महिन्यांनी दोन्ही पंजे कोऱ्या कागदावर टेकवून पेन्सिलीने कडा आखा, तारीख घाला, कागद जपून ठेवा. डॉक्टरांना एक्स-रेसोबत हे कागद दाखवा. बेताने वाढणारं बोट असेल तर घाई नकोच, कधीकधी काहीच करावं लागत नाही.

झपाट्याने वाढणारं बोट ठेवायचं ठरलं, तर लांबी रोखायची रीत अशी: मुलीचं बोट आईच्या आणि मुलाचं वडिलांच्या त्याच बोटाएवढं झालं की हाडाची ग्रोथ प्लेट, म्हणजे जिथून हाड लांबीला वाढतं तो टोकाजवळचा भाग, ऑपरेशनने बंद करतात. म्हणून तपासणीला आई-वडिलांच्या हाताचंही माप घेतात. पण याने फक्त लांबी थांबते, जाडी वाढतच राहते. जाडीसाठी जादा चरबी काढावी लागते, तीही एका वेळी एकाच बाजूची. दुसऱ्या बाजूसाठी साधारण तीन महिने थांबतात, कारण दोन्हीकडून एकदम कापलं तर बोटाचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. सुजलेला मज्जातंतू चरबीत गुंतलेला असतो. तो सोडवताना किंवा कमी करताना स्पर्श बोथट होऊ शकतो. सांधे आखडतात. आणि चरबी पुन्हा वाढू शकते. ‘बोट वाचवायचं’ म्हणजे बालपणभर पुन्हा पुन्हा ऑपरेशन, हे धरूनच होकार द्या.

काढायचं असेल तर नुसतं बोट छाटत नाहीत. तळहातातलं किंवा पावलातलं त्याचं हाडही काढतात, म्हणजे मधली फट मिटते. बहुतेकदा एका ऑपरेशनात विषय संपतो.

पायाला माझा कौल स्पष्टपणे याच बाजूला आहे, विशेषतः दुसरं-तिसरं बोट फार वाढलं असेल तर. पाऊल चपलेत-बुटात मावलं पाहिजे, आणि नुसती चरबी काढून रुंदी फारशी कमी होत नाही. पायाचा अंगठा मात्र शक्यतो ठेवावा. चालताना पाऊल उचलतो तेव्हा जोर त्याच्यावर येतो.

हाताचं गणित अवघड. हाताचा अंगठा काढण्याचा विचारही सहसा करत नाहीत, त्याच्याशिवाय पकड नाही. तर्जनीबाबत मुलाकडेच बघा. मूल पेन्सिल किंवा शेंगदाणा अंगठा आणि मधल्या बोटाने उचलत असेल आणि ताठ तर्जनी बाजूलाच राहत असेल, तर त्याने ते बोट आधीच कामातून वगळलेलं आहे. अशी तर्जनी काढली तर हात मोकळा होतो. बोट वाकत असेल, स्पर्श कळत असेल, तर मी ते ठेवण्याच्या बाजूने आहे, दिसायला थोडं मोठं राहिलं तरी.

औषधाचाही पर्याय आता आला आहे. पीआयके३सीए जनुकाच्या आजारांमुळे गंभीर त्रास असलेल्या, दोन वर्षांवरच्या रुग्णांसाठी अल्पेलिसिबला अमेरिकेत 2022 साली मान्यता मिळाली. ते वाढीला लगाम घालू शकतं, पण वाढून बसलेलं हाड त्याने आखूड होईल अशी आशा धरू नका. रक्तातली साखर वाढणं, जुलाब, तोंड येणं हे त्रास होऊ शकतात. एकट्या बोटासाठी मी आधी ऑपरेशनचाच विचार करेन. अख्खा हात किंवा पाय वाढत असेल तर औषधाबद्दल जरूर विचारा. हा जनुकबदल रक्ताच्या तपासणीत बहुधा सापडत नाही, म्हणून कुठलंही ऑपरेशन ठरलं तरी काढलेल्या भागाचा तुकडा जनुक तपासणीला पाठवता येईल का, हे सर्जनना आदल्या भेटीतच विचारून ठेवा.