कंपनीच्या मेलवर लक्ष: स्वतःचा सर्व्हर की गूगलचं व्हॉल्ट?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं कॉम्प्युटरचं काम मी बघतो. मेलची खाती ४०. मालकांची मागणी साधी होती: कोटेशन, ड्रॉइंग, पेमेंटची बोलणी यांतला एकही मेल कोणी डिलीट केला म्हणून हरवता कामा नये. त्यासाठी आधी ३ वर्षं स्वतःचा पोस्टफिक्स-डव्हकॉट (मेल पोचवणारा आणि साठवणारा फुकट सॉफ्टवेअरचा जोड) सर्व्हर चालवला, आता दीड वर्ष गूगल वर्कस्पेसमधलं (गूगलची कंपन्यांसाठीची मेल सेवा) व्हॉल्ट, म्हणजे मेल जपून ठेवायची आणि शोधायची सोय, वापरतोय. एसपीएफ, डीकेआयएम, पीटीआर (मेल पाठवणारा खरा आहे हे दाखवणाऱ्या नोंदी) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून लिहितो.

स्वतःच्या सर्व्हरचं सुख मोठं आहे. पोस्टफिक्समध्ये ऑलवेज बीसीसीची (बीसीसी म्हणजे इतरांना न दिसणारी प्रत) एक ओळ लिहिली, रीलोड केलं, की येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची कॉपी एका खात्यात पडायला लागते. फक्त सेल्सच्या मेलची हवी असेल तर सेंडर बीसीसी मॅप्स, म्हणजे पाठवणाऱ्यानुसार कॉपी काढायची सेटिंग, आहे. माणशी पैसे नाहीत, डेटा आपल्याच रॅकमध्ये. शिवाय मेलच्या आकाराची मर्यादा आपल्या हातात. जीमेलमध्ये अटॅचमेंट २५ एमबीच्या पुढे गेली की ड्राइव्हची लिंक जाते, आणि आमच्या काही ग्राहकांकडे अशा लिंका उघडतच नाहीत. ड्रॉइंग पाठवणाऱ्याला हे रोज जाणवतं.

मेल स्पॅममध्ये पडण्याची कटकट आहेच. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने पाठवणाऱ्यांचे नियम कडक केले, आणि बऱ्याच क्लाउड कंपन्या २५ नंबरचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरवरून मेल बाहेर जायची वाट, बंदच ठेवतात. आमच्याकडे ऑफिसात स्टॅटिक आयपी (इंटरनेटचा न बदलणारा पत्ता) होता, त्यामुळे ते निभावलं. कॉपीचं खातं भरलं तर बाउन्स (मेल पोचला नाही असा निरोप) मूळ पाठवणाऱ्याकडे जातो, म्हणजे ग्राहकाला घरबसल्या कळतं की आपल्या मेलची कॉपी कुठेतरी ठेवली जाते. पोस्टफिक्सच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलंय. त्या खात्याची जागेची मर्यादा (कोटा) काढून टाकली आणि डिस्कवर लक्ष ठेवलं की हाही प्रश्न मिटतो.

माझं मन फिरलं ते बीसीसीमुळे.

एका कामाचे रेट बाहेर गेल्याचा संशय आला. कोटेशन सेल्समधल्या एका मुलाने पाठवलेलं. मालक माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि मी कॉपीच्या खात्यातला तो मेल उघडला. ‘टू’मध्ये ग्राहक, ‘सीसी’मध्ये आमचे मॅनेजर. बस्स. ‘बीसीसी’त कोणी होतं का, हे त्या कॉपीवरून कळायला मार्गच नव्हता. आउटलुक असो की थंडरबर्ड, मेल पाठवताना बीसीसीचं हेडर काढून टाकतात. राहिलंच तर पोस्टफिक्स काढतो. तो पत्ता फक्त लिफाफ्यावर असतो, आणि आपण साठवतो ते आतलं पत्र. लिफाफ्याची नोंद असते मेल लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत: एका क्यू आयडीखाली (सर्व्हरने त्या मेलला दिलेला नंबर) मेल ज्याला ज्याला गेला त्याची एकेक ओळ. मी लॉग उघडला. मेल ७ आठवड्यांपूर्वीचा होता, आणि लॉगरोटेट हा जुने लॉग काढणारा प्रोग्राम ४ आठवड्यांपलीकडचं पुसत होता. त्या मुलाचा सेंट फोल्डर रिकामा. जागेसाठी सगळेच रिकामा करायचे, त्यावरून काही ठरत नाही.

त्याच्यावरचा संशय आम्हाला खरा ठरवता आला नाही, खोटाही ठरवता आला नाही. यातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. मेल तपासायचे ते निर्दोष माणूस मोकळा व्हावा म्हणूनही.

लॉग वर्षभर ठेवा, हा यावर उपाय आहे आणि मी तो केलाही. पण मग प्रत्येक वेळी पत्र एकीकडून, लिफाफा दुसरीकडून आणून जोडायचा, आणि ते जोडणारा माणूस ऑफिसात एकच.

व्हॉल्टमध्ये पाठवणाऱ्याच्या खात्यातलीच प्रत राहते. जीमेलमधून पाठवलेल्या मेलवर बीसीसीचं नाव दिसतं. माणसाने ट्रॅश रिकामा केला तरी मेल शोधता येतो. फक्त रिटेन्शनचा, म्हणजे मेल किती काळ जपायचा याचा, नियम पहिल्याच दिवशी लावा. तो नसेल तर डिलीट केलेला मेल ३० दिवस ट्रॅशमध्ये, पुढे २५ दिवस ॲडमिनच्या हातात, आणि मग गेला. मेल बाहेर काढले (एक्सपोर्ट) की बरोबर एमडी५ हॅशही मिळतो, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा. कोर्टात डिजिटल पुरावा देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो, तिथे तो कामी येतो. आणि कोणी कोणाचे मेल शोधले याची नोंद राहते. जुन्या सर्व्हरवर रूटचा, म्हणजे सगळं उघडता येणारा, पासवर्ड माझ्याकडे. मी कोणाचाही मेल वाचला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. ते मला बरं वाटायचं नाही.

खर्च मात्र वाढतो. व्हॉल्ट वर्कस्पेसच्या बिझनेस स्टार्टर किंवा स्टँडर्ड प्लॅनमध्ये येत नाही, बिझनेस प्लसमध्ये येतं. नोकरी सोडलेल्या माणसाचं खातं घाईने डिलीट करू नका. २० दिवसांत परत आणता आलं तर आलं, नाहीतर व्हॉल्टमधलंही जातं. आर्काइव्ह्ड युजरचा परवाना घ्या, म्हणजे खातं बंद होतं पण मेल राहतात.

तुमच्याकडे लिनक्स जाणणारी दोन माणसं असतील, फाइली मोठ्या असतील आणि कोर्टकचेरीची शक्यता नसेल, तर स्वतःचा सर्व्हर अजूनही चांगला, असं मला वाटतं. एकट्याच्या जिवावर चालणाऱ्या ऑफिसला मी व्हॉल्टच सांगेन.

दोन्हीकडे एक काम सारखंच. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चं कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी संमतीशिवाय माहिती वापरायची मोकळीक मालकाला ठेवलेली आहे. तरी लोकांना आधी सांगा. आम्ही नेमणूकपत्रात मराठीत दोन ओळी घातल्या: कंपनीच्या मेलची प्रत ठेवली जाते, खाजगी मेल स्वतःच्या खात्यावरून करावा. जुन्या लोकांच्याही सह्या घेतल्या. त्या आठवड्यात तिघांनी येऊन मुलांच्या शाळेला दिलेला मेल आयडी कसा बदलायचा ते विचारलं, आणि मी बसून बदलून दिला.