ट्रॉमा-इन्फॉर्म्ड समुपदेशन: आठ महिने आणि २७ सेशन्सनंतर

गाडीच्या अपघातानंतर मी ट्रॉमा-इन्फॉर्म्ड, म्हणजे मनावर झालेल्या आघाताचं भान ठेवून केलेलं, समुपदेशन घेतेय. पण त्या अपघाताचा विषय निघाला तो थेट नवव्या सेशनला. तोवर माझं दोनदा थेरपी सोडायचं ठरवून झालं होतं. आठ आठवडे काय केलं म्हणाल, तर श्वास, झोप, खुर्ची कुठे ठेवायची, दार उघडं हवं की बंद. मनात यायचं, यासाठी का मी फी भरतेय?

यामागे आधीचा एक अनुभव होता. अपघातानंतर दीड महिन्याने मी दुसऱ्या एका समुपदेशकाकडे गेले होते. पहिल्याच तासात त्यांनी "सगळं बोलून टाका, मोकळं वाटेल" म्हणत माझ्याकडून सगळं वदवून घेतलं. मोकळं काही वाटलं नाही. पुढचे दहा दिवस रोज रात्री तोच ब्रेकचा आवाज. परत गेले नाही. दोष माझ्यातच असावा असं वाटत राहिलं.

आताच्या माझ्या समुपदेशक मॅडमची पार्श्वभूमी वेगळी आहे. मानसशास्त्राकडे वळण्याआधी त्या बरीच वर्षं अपघात विभागात परिचारिका होत्या. मला वाटलं होतं, म्हणजे रक्त-जखमा त्यांना नव्या नाहीत, एवढाच काय तो फायदा. पण त्यांनी सांगितलं ते निराळंच: तिथे त्यांनी पाहिलं होतं की माणसाला हात लावण्याआधी "आता मी हे करतेय" एवढं सांगितलं तरी त्याचं अंग सैल पडतं. त्यांची सगळी पद्धत या एका सवयीतून आल्यासारखी वाटते. प्रत्येक गोष्टीआधी विचारणं, कारण सांगणं, आणि "नाही" म्हटलं तर खरंच थांबणं. आपण औषधं देऊ शकत नाही, झोप अगदीच उडाली तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवू, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट केलं. स्वतःच्या केसेसवर त्या ज्येष्ठ सहकाऱ्याकडून नियमित सुपरव्हिजन, म्हणजे मार्गदर्शन, घेतात, तेही सांगितलं.

त्या संथपणाचं कारण मी एकदा चिडूनच विचारलं. ज्युडिथ हर्मन या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९९२ मध्ये मांडलेले तीन टप्पे त्यांनी समजावले: आधी सुरक्षितता, मग आठवणींना आणि शोकाला जागा, मग पुन्हा माणसांत मिसळणं. पहिला टप्पा कच्चा राहिला तर दुसऱ्यात माणूस वाहून जातो. माझ्या त्या दहा रात्रींचा अर्थ तिथे लागला.

तोवर "मन घट्ट कर" हे इतक्या जणांकडून ऐकलं होतं की हा मनाचाच ढिलेपणा, असं मीही धरून चालले होते. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर मागे राहणारा मानसिक त्रास, हे निदान मानसिक आजारांच्या अमेरिकन वर्गीकरणात आलं तेच मुळी १९८० साली, म्हणजे त्याला नाव मिळायलाही इतका वेळ लागला, हे कळल्यावर घरच्यांवरचा राग जरा निवळला.

महिन्यातून एकदा त्रास किती आहे हे मोजणारी २० प्रश्नांची प्रश्नावली भरावी लागते, ८० पैकी गुण, जितके जास्त तितका त्रास जास्त. मला ती कंटाळवाणी वाटते आणि हे मी त्यांना सांगितलंय. पहिल्यांदा ५२ आले होते, आता २४. मधल्या एका महिन्यात मात्र आकडा वर गेला, कारण तेव्हा आम्ही खऱ्या आठवणीवर काम सुरू केलं होतं. असं होऊ शकतं हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं नसतं तर मी तेव्हाच पळाले असते.

ते काम ईएमडीआर पद्धतीने झालं. आठवण मनात धरायची आणि डोळ्यांनी त्यांच्या बोटांची डावी-उजवी हालचाल बघत राहायची. पहिल्यांदा हसू आलं, खोटं कशाला बोलू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पीटीएसडीसाठी ही पद्धत आहे. पण डोळे हलवण्याचा त्यात नेमका वाटा किती, यावर तज्ज्ञांत वाद आहे, हेही मॅडमनीच सांगितलं. आपल्याच पद्धतीतली शंका आपणहून सांगणारं माणूस मला विश्वासाचं वाटतं. सहा सेशन्सनंतर ब्रेकचा आवाज आठवतो, पण तो मागे घडून गेलेल्या गोष्टीसारखा. पूर्वी तो आत्ता, याच खोलीत व्हायचा.

रोजच्या वापरात सर्वांत उपयोगी पडलं ते ग्राउंडिंग, म्हणजे घाबरल्यावर लक्ष आत्ताच्या क्षणात आणणं. दिसणाऱ्या पाच वस्तू, स्पर्श होणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन, मग वास दोन, चव एक. वासापर्यंत मी क्वचितच पोचते, त्याआधीच छाती शांत होते.

तक्रारी आहेत. ५० मिनिटं झाली की सेशन संपतं, रडू अर्ध्यावर असलं तरी. शेवटची दहा मिनिटं त्या हळूहळू वर्तमानात आणण्यासाठी ठेवतात खरी, पण दोनदा ते जमलं नाही आणि मी जिन्यात बसून राहिले. सेशनांच्या मधल्या काळात मेसेजला उत्तर येत नाही. ही मर्यादा सुरुवातीलाच ठरली होती, तरी एका रविवारी फार लागलं. पुढच्या भेटीत मी ते बोलले. त्यांनी सफाई दिली नाही, ऐकून घेतलं, नियम मात्र तोच ठेवला. मला तो अजूनही पूर्ण पटलेला नाही.

तातडीची मदत हवी असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील, तर ही आठवड्यातून एकदाची सोय पुरणार नाही, त्यासाठी हेल्पलाइन किंवा रुग्णालयच गाठायला हवं.

पाच महिन्यांनंतर सेशन्स पंधरवड्यातून एकदा केली, पुढच्या महिन्यापासून महिन्याला एक. मी आता ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बसते, पावसातसुद्धा. स्टिअरिंगला मात्र अजून हात लावलेला नाही. तो विषय मॅडमनी काढलेला नाही, आणि मीही नाही.