साडेपाचशेची लाइटस्टिक मोर्चाला चालते काय?

बेळगावच्या खडे बाजारातल्या एका दुकानातनं घेतली. साडेसहाशे सांगत होता, साडेपाचशेला दिली. कोरियन गाण्यांच्या कार्यक्रमात पोरी हातात धरून हलवतात ती: वर प्लास्टिकचा पारदर्शक गोळा, खाली मूठ, मुठीवर एक बटण. असली कंपनीची नव्हे, नक्कल. दुकानदारानं तेही लपवलं नाही. असली घ्यायची तर काही हजार मोजावे लागतात. ती फोनला जोडता येते आणि मैदानातल्या सगळ्या एका रंगात पेटवता येतात म्हणे. ही आपली तीन बारीक सेलवर चालते आणि रंगही तीनच.

लेकीसाठी घेतली असं दुकानदाराला वाटलं. खरं ती माझ्यासाठीच घेतली. मी येळ्ळूरची. भात आणि भाजी करतो आम्ही. शेतजमिनीतनं जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपास रस्त्याविरुद्धच्या मोर्चांपासनं रस्त्यावर बसायची सवय आहे. मेणबत्ती घेऊन निघालं की दहा पावलांवर विझते, हातावर मेण सांडतं, ते वेगळंच. दक्षिण कोरियातही हेच झालं होतं. २०१६ मध्ये सोलच्या रस्त्यांवर लाखो लोक मेणबत्त्या घेऊन राष्ट्राध्यक्षांचा राजीनामा मागत होते. सत्ताधारी पक्षाचा एक खासदार म्हणाला, मेणबत्ती ती, वारा आला की विझणार. त्यावर लोकांनी सेलवरच्या मेणबत्त्या आणल्या. मार्च २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष घरी गेल्या.

लेकीनं मला लाइटस्टिकचा व्हिडिओ दाखवला, तो मात्र डिसेंबर २०२४ चा. भाव पडला तर जादाचा तांदूळ सरकारनं विकत घ्यावा, या कायद्याला २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नकार दिला होता. २०२४ च्या डिसेंबरात काळजीवाहू राष्ट्राध्यक्षांनी पुन्हा दिला. त्याच महिन्यात आधी, २०२३ मध्ये नकार देणाऱ्या राष्ट्राध्यक्षांनीच मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल, लावायचा प्रयत्न केला होता, त्याचाही राग होता. दक्षिणेकडचे शेतकरी ट्रॅक्टर घेऊन राजधानीकडे निघाले. जथ्याला नाव १८९४ च्या शेतकरी उठावाच्या पुढाऱ्याचं, जॉन बोंगजुनचं. २१ तारखेला सोलच्या वेशीवर, नामतेर्योंगच्या खिंडीत पोलिसांनी बसगाड्या आडव्या लावून त्यांना अडवलं. आणि रात्री शहरातनं कोण आलं? विशी-तिशीच्या पोरी, हातात ह्याच लाइटस्टिक. हाडं गोठवणाऱ्या थंडीत रात्रभर बसल्या. न आलेल्यांनी गरम खाणं पाठवलं, ऊब घ्यायला बस पाठवल्या. तरण्या मुली, समलिंगी, अपंग, एकेक जण माईकवर येऊन आपलं गाऱ्हाणं सांगत होतं आणि म्हातारे शेतकरी ऐकत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी वाट मोकळी झाली.

आमच्यात शहरातल्या पोरी शेतकऱ्यांच्या धरण्याला किती येतात, ते तुम्हीच सांगा.

ही एकी एका रात्रीत आली असं मात्र नाही. १९९७ च्या डिसेंबरात कोरिया बुडायला आला, नाणेनिधीचं कर्ज घ्यावं लागलं. लोकांनी घरातलं सोनं काढून दिलं, बायांनी लग्नातल्या अंगठ्यासुद्धा. सुमारे ३५ लाख लोकांनी मिळून २२७ टन सोनं दिलं. आणि १९९८ च्या फेब्रुवारीत कायदा कुठला आला, तर कामगार कमी करणं सोपं करणारा! बाईमाणूस म्हणून मला हे लई लागलं. मंगळसूत्र गहाण ठेवून बियाणं आणलेल्या बाया आमच्या गल्लीतही आहेत. तिथनं पुढं कायमची नोकरी कमी आणि कंत्राटी जास्त. शेतकऱ्याला बाहेरच्या मालाचा मार. ली क्युंग-हे नावाच्या शेतकऱ्यानं २००३ मध्ये मेक्सिकोत कानकूनला जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीबाहेर कुंपणावर चढून जीव दिला. ही संघटना शेतकऱ्यांना मारते, अशी पाटी त्याच्या अंगावर होती. बेक नाम-गी हे शेतकरी तर २०१५ च्या नोव्हेंबरात तांदळाच्या भावाचा दिलेला शब्द पाळा म्हणत सोलला आले होते. पोलिसांच्या पाण्याच्या फवाऱ्यानं आडवे झाले ते उठलेच नाहीत. पुढच्या सप्टेंबरात गेले. त्या मोर्चात कामगार, शेतकरी, फेरीवाले सगळे एकत्र होते.

आता वस्तूबद्दल. वजन बेताचं आहे, हात भरून येत नाही. मुठीला दोरी आहे ती मनगटात अडकवायची, म्हणजे टाळी वाजवताना पडत नाही. उजेड चहूकडं पसरतो, म्हणून शेजारच्या बाईचा चेहरा दिसतो. मोर्चाला हे चांगलं, बांधावर बिनकामाचं. रात्री थ्री फेज आल्यावर मोटर चालू करायला घेऊन गेले तर पायाखालचं काही दिसेना. त्याला बॅटरीच हवी. गुलाबी रंग सगळ्यात लांबनं दिसतो, निळा अगदीच मिणमिणता. पावसात बाहेर काढू नका, गोळा आणि मूठ जिथं जुळतात तिथनं पाणी आत जातं. सेलच्या झाकणाला इवलासा स्क्रू आहे, रस्त्यावर सेल बदलायचे तर पिशवीत पेचकस ठेवा. गोळा जरा ढिला होता, आतनं चिकटपट्टीचा एक वेढा दिला तेव्हा बसला.

कर्नाटक विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाच्या वेळी सुवर्णसौधकडच्या, म्हणजे बेळगावच्या विधानभवनाकडच्या धरण्याला नेली. झेंड्यांच्या काठ्या तपासत होते, तिथं हवालदारानं हातातली काढून घेतली. "एन्री इदु?" म्हणजे हे काय, असं कानडीत विचारलं. मी बटण दाबलं. गुलाबी झाली. तो हसला, माघारी दिली. काठी जिथं नेऊ देत नाहीत तिथं ही जाते, हा हिचा सगळ्यात मोठा गुण धरा. शेजारच्या दोघीतिघींनी लगेच दुकान विचारलं.

पाचात साडेतीन. पाण्याचं आणि स्क्रूचं काही केलं असतं तर चार दिले असते. एकटीनं घेऊ नका, आठ-दहा जणी मिळून जा, भाव अजून उतरतो. सेल दुकानातले घेऊ नका, बाहेरनं चांगले घ्या.